गाडी आपली, पाना कुणाचा?

आधीच सांगून टाकतो. हा लेख कवितेवर नाही. फाटाफुटीवर नाही. कोणत्या गटाचा कोणता नेता कुणाच्या मांडीवर जाऊन बसला, यावरही नाही. हा लेख एका पिकअप गाडीवर आहे. ज्यांना नाकं मुरडायची त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावीत आणि पान उलटावं. पण मुंबई-पुण्यातल्या ज्या पोरांचे आईबाप अजून गावाकडं आहेत, ज्यांचा चुलतभाऊ नाहीतर मेव्हणा कर्जाच्या गाडीचं स्टिअरिंग धरून बसलाय, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं.

मी चाकूरचा. लातूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. या गावचं नाव लावणारा माणूस १९९१ ते १९९६ लोकसभेचा सभापती होता, २००४ ते २००८ देशाचा गृहमंत्री होता. एवढं मोठं गाव. पण गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा पेटला की आमचं सगळं मोठेपण टोचन करून लातूरला न्यावं लागतं.

आमच्या वस्तीत सात पिकअप आहेत. सातही हप्त्यावर. समोरच्या काचेवर 'जय भीम', मागच्या फाळक्यावर निळी पट्टी. या सात गाड्या काय काय वाहतात? सोयाबीन, तूर, टमाटे, खताची पोती, मांडवाचं सामान, वऱ्हाड, लातूरच्या दवाखान्यात न्यायची बाळंतीण, परत आणायचं मयत, आणि १४ एप्रिलला जयंतीचा डीजे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आज्यांनी याच भागातल्या रस्त्यांवर खडी फोडली. सुकडी खाऊन, मिलो शिजवून. रस्ता त्यांच्या हातानं झाला, पण त्यावरून पळणारं एकही चाक त्यांचं नव्हतं. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, तेव्हा म्हातारी-कोतारी अंधारात पायी पळाली. चाकं तेव्हाही नव्हती. म्हणून सांगतो, पिकअपला नुसतं वाहन समजू नका. पिढ्यान् पिढ्या डोक्यावर वाहिलेलं ओझं आमच्या माणसानं पहिल्यांदा खाली ठेवलं ते या हौद्यात.

आता झालं काय ते ऐका.

दिवाळीच्या आधीचा आठवडा. हौद्यात सोयाबीन. ठरले होते तीस कट्टे, चढवले चाळीस. ते पाप माझं, त्याच्याकडं पुढं येतो. आष्टामोडच्या अलीकडं गाडीचा जीव गेला. बंद पडली नाही, हे लक्षात घ्या. इंजिन चालू. पण समोर पिवळा दिवा लागलेला, आणि ॲक्सिलेटर तळाला टेकवला तरी काटा वीस-पंचवीसच्या वर सरकेना. नव्या गाड्यांत हे असंच असतं. आतल्या कंप्युटरला काही खटकलं की तो इंजिनाची ताकद छाटतो, मोठं नुकसान होऊ नये म्हणून. काय खटकलं ते मात्र तो तुम्हाला सांगत नाही. ते सांगायला त्याचा वेगळा माणूस लागतो.

मालाचा मालक केबिनमध्ये शेजारीच. चाकूर सोडताना मी त्याचा 'भाऊसाहेब' होतो. अर्ध्या तासानं नुसता 'भाऊ' झालो. तासाभरानं 'अरे'. दुसरी गाडी आली, कट्टे तिच्यात चढले, आणि जाता जाता तो बोलला, "तुमच्या लोकाला गाड्या झेपत न्हाईत रे. कर्ज मिळतंय मनून घेताव."

हे वाक्य घेऊन मी रस्त्याच्या कडेला बसलो. मग एका ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी चाकूरला आणली. काचेवर 'जय भीम' लिहिलेली गाडी भर बाजारातून दुसऱ्याच्या मागं ओढत नेताना काय वाटतं, ते हप्ता भरणाऱ्यालाच कळेल. चहाच्या टपरीवर कुणीतरी हसलं. माझ्यावर हसलं का आणखी कशावर, मी बघितलं नाही.

आमचे मिस्त्री चाचा. वय साठीच्या पुढं. शाळा चौथी. पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते सांगायचे की तिसरं नोझल खराब आहे, आणि तिसरंच निघायचं. जुन्या डिझेल गाड्या त्यांनी डोळे मिटून खोलल्या आणि बांधल्या. त्यांच्याकडं एक साधा स्कॅनर आहे, हजार-बाराशेचा. तो त्यांनी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात लावला. मोबाईलवर एक नंबर आला. नंबराच्या पुढं अर्थाची जागा कोरी. चाचा बराच वेळ त्या नंबराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बेटा, पहले गाडी बोलती थी, मैं सुनता था. अब ये नंबर बोलती है. नंबर का मतलब कंपनी के पास है, मेरे कने नई."

मग लातूर. कंपनीचं वर्कशॉप. नाव लिहीत नाही. सगळ्यांचा कारभार सारखाच. गाडी नऊ दिवस उभी. पहिले चार दिवस रांग, पुढचे चार 'पार्ट यायचाय'. कोट घातलेल्या पोरानं सांगितलं, सेन्सर आणि एका बाजूचं पूर्ण वायरिंग बदलावं लागेल. आकडा एकतीस हजारांच्या वर. वॉरंटी? उंदरानं कुरतडलेलं वॉरंटीत बसत नाही म्हणे. म्हणजे उंदीर त्यांना दिसला होता, मला मात्र बिलाच्या दिवशी कळला. मी भांडून जुनं वायरिंग मागून घेतलं, पोत्यात घालून चाचांकडं आणलं. त्यांनी बोटानं चाचपलं. दोन तारा. फक्त दोन तारा कुरतडलेल्या. सोयाबीन वाहणाऱ्या गाडीत दाणे सांडतात, दाण्याला उंदीर येतो, उंदराला तार सापडते. एवढा साधा बिघाड. चाचांनी तो शंभर-दोनशे रुपयांत जोडला असता. पण कोणती तार कुठून कुठं जाते त्याचा नकाशा त्यांच्याकडं नाही, आणि नंबराचा अर्थ त्यांना माहीत नाही. बघायचं कुठं हेच माहीत नसलेल्या माणसाच्या हातात पाना देऊन काय होणार?

नऊ दिवसांचं भाडं गेलं, ऐन हंगामातलं. साडेअठरा हजारांचा हप्ता बाउन्स झाला. त्याचा दंड वेगळा. मग फोन सुरू झाले. पहिला गोड आवाजात, तिसरा आईवरून. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबागला वसुलीवाल्यांनी ओढून नेलेल्या ट्रॅक्टरखाली एका शेतकऱ्याची गरोदर लेक चिरडली, तेव्हा कुठं रिझर्व्ह बँकेनं त्या फायनान्स कंपनीला बाहेरचे वसुलीवाले लावायला बंदी केली. बंदीला आधी एक लेक जावी लागली. तर दोस्तांनो, दोन तारांपासून सुरू झालेली गोष्ट कुठं जाऊ शकते ते बघा. तार, दिवा, भाडं, हप्ता, फोन, ओढून नेलेली गाडी. आणि शेवटी तेच वाक्य: तुमच्या लोकाला झेपत न्हाईत.

आता या वाक्याचा हिशोब करू.

तुम्ही सगळ्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलंय. नसेल तर वाचा. त्यात गाड्यांच्या दोन गोष्टी आहेत, आणि आपण त्या नुसत्या शिवाशिवीच्या गोष्टी म्हणून वाचून सोडून देतो. पहिली १९०१ ची. लहानगा भीम भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघालेला, मसूर स्टेशनवर उतरलेला. पोरं महारांची आहेत कळल्यावर गाडीवाला गाडी हाकायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि बैल पोरांनीच हाकले. गाडीवाला बाजूनं चालला. दुसरी १९२९ ची, चाळीसगावची. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर, सरकारी समितीचे सभासद. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला त्यांच्यासाठी टांगा हाकायला तयार झाला नाही. टांगा भाड्यानं द्यायला मात्र तयार. मग वस्तीतल्याच एका माणसानं लगाम धरला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नाल्यावरच्या पुलाशी चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला.

नीट बघा काय घडलं ते. टांगा मिळाला होता. पैसेही होते. मिळालं नव्हतं ते कसब. लगाम धरायचं कसब त्या वस्तीत येऊच दिलं नव्हतं. मग चाक अडकल्यावर म्हणायचं, यांना टांगा झेपत नाही! माझ्या शेजारी बसलेला मालवाला १९२९ च्या त्या टांगेवाल्याचाच पुढचा अवतार. आज स्टिअरिंग आमच्या हातात आलंय, हे मी नाकारत नाही. पण बोनेटच्या आतलं कुलूप तसंच आहे. फक्त चावी गावच्या माणसाकडून कंपनीच्या सर्व्हरवर गेलीय.

मुंबईच्या पोरांना गिरणीची गोष्ट सांगायला नको. सूतखात्यात आपली माणसं राबत होती, पण साचेखात्याचं दार त्यांना बंद. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, बाटेल म्हणून. आणि पगार जास्त होता तो साचेखात्यातच! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तोंडावर विचारला. पुढं १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी वकिली-मास्तरकीच्या शिक्षणावर समाधान मानलं नाही. आपल्या पोरांना तांत्रिक शिक्षण द्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी द्या, असं मागितलं. म्हणजे यंत्राच्या पोटात हात घालायचा हक्क त्यांनी मागितला होता. आपण मात्र बाबासाहेबांच्या हातातलं पुस्तक तेवढं पुतळ्यात घेतलं.

आता कुणी म्हणेल, अरे बाबा, कंपनीचं कुलूप जात बघून बसवलेलं नाही. पाटलाची गाडीही तशीच बंद पडते. खरंय. कुलूप सगळ्यांनाच आहे. पण पाटलाची गाडी बंद पडली तर दारात दुसरी आहे, घरात ट्रॅक्टर आहे, बँकेत ओळख आहे, आणि काहीच नसलं तर जमीन आहे. माझी बंद पडली तर माझा संसार बंद पडतो. भिंत सगळ्यांना सारखीच दिसते, पण पाठीशी जागा नसलेला माणूसच तिच्यावर चेपला जातो. आणि आणखी एक. पाटलाची गाडी बंद पडली तर गाडी खराब निघाली म्हणतात. आमची पडली तर जात.

आणि रात्रीचं? १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत अक्षय भालेराव या पोराला मारलं. गावात भीमजयंती काढल्याचा राग धरून मारलं, अशी फिर्याद आहे. काचेवर 'जय भीम' असलेली गाडी रात्री अकराला परक्या गावाच्या वेशीवर बंद पडते, तेव्हा आत बसलेल्या ड्रायव्हरच्या पोटात काय होतं? गाडी चालू राहणं ही आमच्याकडं सोयीची गोष्ट राहत नाही, जिवाची होते.

दुसरा आक्षेप शहाण्यांचा. धुराचे नियम कडक झाले म्हणून गाड्या अवघड झाल्या, मग तुम्ही प्रदूषणाच्या बाजूचे का? अजिबात नाही. धूर पहिल्यांदा आमच्याच फुप्फुसात जातो. हायवेच्या कडेच्या वस्त्या कुणाच्या आहेत ते जाऊन बघा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सच्याच नव्या गाड्या विकायच्या, हे सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०१८ मध्येच पक्कं केलं होतं. चांगलं केलं. त्यासाठी डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळीच्या जाळ्या आल्या, सेन्सर आले, काही गाड्यांत युरियाच्या पाण्याची टाकी आली. पण जाळी भरली की ती आतल्या आत काजळी जाळून साफ व्हावी लागते. त्यासाठी सायलेन्सर चांगलं तापावं लागतं, आणि ते तापायला गाडी काही वेळ एका लयीत, बऱ्या वेगानं पळावी लागते. आता आमच्या गाडीचा दिवस बघा. गाव ते चाकूर पाच-सहा किलोमीटर. आडतीसमोर इंजिन चालू ठेवून तास-दीड तास उभं. तिथून ढेकळाच्या वाटेनं शेत. जाळी तापणार कधी? जो रस्ता डोळ्यासमोर ठेवून गाडी आखली तो आमच्या शिवारात नाहीच. हे विकताना कुणी सांगितलं? शोरूममध्ये नारळ फोडला, फोटो काढला, पेढा दिला. जाळीचं नावही काढलं नाही.

आणि धुराच्या नियमानं असं कुठं म्हटलंय की बिघाडाचा अर्थ गावच्या मिस्त्रीला कळू देऊ नका? उलट धुराशी संबंधित बिघाडाचे बरेच नंबर सगळ्यांना वाचता येतील असेच ठरवलेले आहेत. कुलूप आहे ते बाकीच्या ठिकाणी. कंपनीचे स्वतःचे नंबर वेगळे. नवं नोझल बसवलं तर त्याच्यावरचा आकडा कंप्युटरला सांगावा लागतो, नवी चावी केली तर ती कंप्युटरला ओळखायला शिकवावी लागते. त्याचं सॉफ्टवेअर कंपनीकडं. आमच्या चाचांचा स्कॅनर अर्धवट वाचतो, पण लिहू शकत नाही. वाचायला थोडी मुभा, लिहायला बंदी, अर्थ सांगायचा अधिकार एकाच पीठाकडं. ओळखीचं वाटतं ना हे सगळं? ज्ञानावर कुलूप घालून त्याच्या जोरावर दक्षिणा घ्यायची रीत या देशानं कंपन्यांकडून शिकलेली नाही.

हे फक्त माझ्या पोटदुखीतून आलेलं नाही. एका ग्राहकाच्या २०११ च्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. कशाबद्दल? सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, आणि बाहेरच्या गॅरेजांना दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं देत नाहीत याबद्दल. म्हणजे आमचे चाचा जे मोडक्या हिंदीत म्हणाले तेच आयोगानं इंग्रजीत शेकडो परिच्छेदांत लिहिलं. मग कंपन्या न्यायाधिकरणात गेल्या, हायकोर्टात गेल्या, सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांच्याकडं वकील आहेत, वेळ आहे. चाचांकडं काय आहे? केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल काढलं, त्यात मोटारगाड्या आणि शेतीची यंत्रंही घेतली. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तिथं कंपनीनं स्वखुशीनं ठेवलेली माहिती दिसते. आणि कंपनी स्वखुशीनं काय ठेवते ते वर्कशॉपच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला विचारा.

बाहेर बघा. अमेरिकेत, भांडवलशाहीच्या माहेरात, मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी २०१२ साली मतदान करून मोटार दुरुस्तीच्या हक्काला कौल दिला. कोलोरॅडोत शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरसाठी लढून २०२३ मध्ये कायदा करून घेतला, १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. तिथला शेकडो एकरांचा धनीही आपल्याच ट्रॅक्टरपुढं हात चोळत बसला होता. तो संघटित झाला. आपण काय केलं? आपण काचेवर आणखी एक स्टिकर लावला.

इथं आता आपल्या माणसांनाही दोन शब्द. टाळ्या फक्त दुसऱ्याला शिव्या दिल्यावर वाजतात, मला ठाऊक आहे. तरी बोलतो.

तीस कट्ट्यांच्या गाडीत चाळीस चढवतो ते आपणच. भाडं तेवढंच मिळतं, म्हणून एका खेपेत दोन खेपा मारायला बघतो. पाटे बसतात, क्लच प्लेट जळते, टायर फुटतो, आणि मग गाडीच्या नावानं बोंबा. व्यापारी जास्त भरायला लावतो हे खरंय. पण नाही म्हणायला आपण सात जण कधी एका ठिकाणी बसलो? एक जण पस्तीसवर नाही म्हणतो, दुसरा चाळीसला हो म्हणतो, आणि तो दुसरा आपल्याच गल्लीतला असतो. हमालांनी निदान संघटना केली, १९६९ चा माथाडी कायदा पदरात पाडून घेतला. आपण मालक झालो ना! आरसी बुकावर नाव आलं की आपण कष्टकरी उरत नाही, असं आपल्याला वाटतं. अरे, त्याच आरसी बुकावर खाली फायनान्सचं नाव असतं. गाडी त्यांची, जोखीम आपली, नाव तेवढं आपलं.

सर्व्हिसिंग टाळतो. ऑइलचे पैसे जयंतीच्या डीजेला जातात. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आमच्या सात गाड्यांपैकी दोन गाड्यांच्या स्पीकरची किंमत त्यांच्या वर्षाच्या मेन्टेनन्सपेक्षा जास्त आहे. आणि काही बहाद्दर धुराची जाळीच कापून टाकतात, कंप्युटरला फसवून घेतात. बेकायदा आहेच, पण धूर कुठं जातो? आपल्याच वस्तीतल्या पोरांच्या छातीत. कंपनीच्या कुलपावर हा तोडगा नाही. हा चोरवाटेचा टोल आहे आणि तो आपलीच लेकरं भरतायत.

मग करायचं काय? लेख लिहून मोकळं व्हायचं? तेही आपल्या चळवळीत पुष्कळ झालं.

पहिली गोष्ट. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ चं. बीज भांडवल योजनेत बँकेचे ७५ टक्के, महामंडळाचे २० टक्के, अर्जदाराचे ५ टक्के असा हिशोब. गाडीला पैसे मिळतात, पण गाडी चालू ठेवायला? कर्जातच दुरुस्तीचा हिस्सा हवा, गाडी वर्कशॉपात अडकली तेवढ्या दिवसांच्या हप्त्याला सवलत हवी, आणि गाडी घेणाऱ्यासोबत गाडी दुरुस्त करणाऱ्यालाही कर्ज हवं. स्कॅनरला, कॉम्प्रेसरला, शिक्षणाला. एका गाडीच्या कर्जात एक चांगलं गॅरेज उभं राहतं आणि ते पन्नास गाड्या जगवतं. मोर्चा काढायचा तर यावर काढा.

दुसरी. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक आणि मोटार मेकॅनिकचे कोर्स आहेत. आपली पोरं तिथं जातात आणि बाहेर येऊन सिक्युरिटी गार्ड होतात. का? त्यांना शिकायला समोर इंजिन कोणतं होतं ते विचारा. रस्त्यावर बीएस-सिक्स पळतं आणि वर्गात आजोबांच्या काळातलं इंजिन उघडं पडलेलं असतं. हा प्रश्न शिष्यवृत्तीइतकाच मोठा आहे, आणि विद्यार्थी संघटनांनी तो घेतला पाहिजे.

तिसरी, आणि ही खास तुमच्यासाठी, शहरातल्या वाचकांसाठी. पुण्याजवळ चाकणला गाड्या बनतात. तिथल्या लायनीवर कंत्राटी म्हणून नट आवळणारी पोरं कुठली? लातूर-नांदेडचीही आहेत. तुमच्यापैकी काही जण तर आत, एसीत, त्याच कंप्युटरचा प्रोग्राम लिहितात. चाकणला बनवणारा आपला आणि चाकूरला ओढत नेणारा आपला, आणि दोघांची गाठ नाही! मी तुम्हाला कंपनीची कागदं चोरून आणा म्हणत नाही. नोकरी घालवू नका. पण जे उघड आहे ते तरी मराठीत आणा. धुराचे ठरलेले नंबर, त्यांचे अर्थ, जाळी साफ करायची पद्धत, उंदरापासून वायरिंग कसं वाचवायचं, वॉरंटीच्या कागदात काय लिहिलंय आणि जुना पार्ट मागून कसा घ्यायचा. बत्तीस पानांची पुस्तिका होईल. आपण महापुरुषांच्या चरित्राच्या पुस्तिका काढतो, तशी ही काढा. जयंतीच्या स्टॉलवर दहा रुपयांना विका. चाकूरला मी विकतो.

चौथी आम्ही सुरू केलीय. मोठेपणा सांगायचा म्हणून सांगत नाही, फसूही शकते. सात गाड्यांनी महिन्याला पाचशे-पाचशे काढायचे ठरवले. पहिल्या महिन्यात चौघांनीच दिले. तरी नांदेडहून एक जुना, पण बरा स्कॅनर आणला. तो चाचांच्या गॅरेजात ठेवला. बरेच अर्थ मराठीत नाहीत, इंग्रजीत येतात. चाचांना इंग्रजी येत नाही. म्हणून वस्तीतली बारावी झालेली एक पोरगी रोज संध्याकाळी दोन तास तिथं बसते. ती वाचते, चाचा ऐकतात, मग पेचकस कानाला लावून खात्री करतात. ती एका वहीत नंबर, बिघाड, कारण आणि खर्च लिहून ठेवते. वहीत आजपर्यंत एकोणचाळीस नोंदी झाल्यात. त्यातल्या अकरा नोंदींपुढं एकच शब्द आहे: उंदीर.

तिच्या आईला हे पटलेलं नाही. पोरीच्या जातीनं गॅरेजात बसायचं का, म्हणते. पोरगी ऐकत नाही. परवा तिनं मला विचारलं, "दादा, ह्याच्यात लिहिता कधी येईल? नुसतं वाचून काय करावं?" मी गप्प बसलो. तिला उत्तर द्यायचं तर कायदा लागतो, आणि कायदा लागला तर माणसं लागतात. म्हणून हा लेख.

ज्यानं मला ते वाक्य ऐकवलं त्याचा फोन परवा आला होता. तूर लातूरला न्यायचीय, म्हणाला. पुन्हा 'भाऊसाहेब'. मी भाडं सांगितलं आणि वर सांगितलं, तीसच कट्टे चढतील, एकतिसावा चढणार नाही. तो म्हणाला, दुसऱ्याला सांगतो. सांगू द्या. बाकीच्या सहा जणांना मी आधीच फोन करून ठेवले होते. चौघे हो म्हणालेत. दोघांचं अजून काही कळलं नाही.

जय भीम.